रातोरात पिवळे पडणारे कपडे

पांढरा रंग ओळखण्यात काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने आमच्या लाँड्रीत एक दिवस येऊन उभं राहावं. दुपारपर्यंत त्याला स्वतःच्या शर्टाची लाज वाटायला लागेल. आम्ही रंगीत कपडे घेत नाही, दारावर तशी पाटीच आहे. डॉक्टरांचे कोट, गेस्ट हाउसच्या चादरी, हॉटेलचे टेबलक्लॉथ, बँडवाल्यांचे गणवेश, सगळं पांढरं. त्यातलं कुठलं पांढरं दुधाळ, कुठलं राखाडी, कुठलं घामाने कोमेजलेलं आणि कुठलं साबण अंगात राहिल्याने मळकट, हे मी दहा पावलांवरून सांगतो. मधले दोन महिने मी जे काही सांगितलं, ते मात्र आठवलं की अजून कानशिलं तापतात.

लाँड्री मूळची माझ्या सासऱ्यांची. एकतीस वर्षांपूर्वी मी तिथे गठ्ठे उचलायला लागलो. सासऱ्यांना माझी नजर आवडली, त्यांच्या मुलीला बहुधा बाकीचा मी आवडलो, आणि वर्षभरात मी जावई झालो. पुढे सासरे थकले तेव्हा त्यांनी धंदा आम्हा दोघांच्या हवाली केला, मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पण निळीचा चमचा त्यांनी माझ्या हातात दिला, पोटच्या मुलाच्या नाही. मेहुण्याने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

मेहुण्याला सगळे बंबोबा म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीशी त्याचं सख्य पाहून हे नाव मीच ठेवलं आणि ते त्याला इतकं चिकटलं की आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणते. तो बोलतो कमी आणि घामाघूम होतो जास्त. यंत्रं, साबण, पाणी, पिळणं हे सगळं त्याचं राज्य. खिडकीजवळचं टेबल आणि नीळ हे माझं. काउंटरवर माझी बायको आणि इस्त्रीवर दोघी जणी, एवढाच आमचा कारभार.

साबण लावलेला कपडा आम्ही तीनदा स्वच्छ पाण्यातून काढतो. पहिल्या पाण्यात साबण निघतो, दुसऱ्यात साबणाचा वास निघतो आणि तिसऱ्यात मनातली शंका निघते, असं सासरे म्हणायचे. त्यानंतर निळीचं पाणी. धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला एक बारीकशी पिवळी झाक राहतेच. किंचित नीळ घातली की ती झाक मरते आणि कपडा शुभ्र दिसतो. नीळ कमी पडली तर कपडा म्हातारा दिसतो, जास्त झाली तर निळा. म्हणून नीळ घालणाऱ्याची नजर पक्की हवी.

आणि नजरेला आधार म्हणून आमच्याकडे एक नमुना होता. सासऱ्यांचा सुती रुमाल, काळ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. रोज सकाळी दहा वाजता मी तो उत्तरेच्या खिडकीत बाहेर काढायचो. आदल्या दिवशी धुऊन वाळलेली एक चादर त्याच्या शेजारी धरायची, दोन्ही सारखी दिसली की मगच गठ्ठे इस्त्रीला जायचे. या कामाच्या वेळी माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असा दंडक होता. तोही मीच घातलेला.

मागच्या वर्षी माझं हृदय नाटकं करायला लागलं. मध्येच धडधडायचं, मध्येच एखादा ठोका गिळायचं. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली. रोज एक, बरोब्बर एक, असं दोनदा बजावलं. ती मी टेबलाच्या खणात ठेवली आणि रुमाल डब्यात परत गेला की घ्यायला लागलो. सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस गोळी विसरलो, संध्याकाळी छातीत जरा गडबड झाली आणि बायकोने माझ्या तब्येतीची सूत्रं हातात घेतली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाच्या बशीत तीन गोळ्या यायला लागल्या. कसल्या, ते मी विचारलं नाही. रक्तदाबाची एक आणि ताकदीच्या दोन, असं मी धरून चाललो. लग्न जुनं झालं की बशीत येईल ते गिळायचं असतं, एवढी अक्कल मला आहे.

पुढे महिनाभराने एका सकाळी रुमाल काढायच्या आधीच मी चादर खिडकीत धरली आणि ती मला पिवळट दिसली.

"बंबोबा, काल पाणी किती काढलीस?"

"तीन."

"मग ही अशी का?"

त्याने चादर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "पांढरीच आहे की भाऊजी."

"ही पांढरी?"

तो आत निघून गेला. मी त्या दिवशी निळीचा चमचा जरा सढळ हाताने भरला. टबातून चादर उचलून पाहिली तर अगदी हवी तशी. समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेली चादर हातात घेतली, तर पुन्हा पिवळी!

असं रोज व्हायला लागलं. चादर इतकी उघड पिवळी दिसायची की नमुन्याचा डबा उघडायची मला गरजच वाटेना. संध्याकाळी मी स्वतःच्या डोळ्यांनी पांढरे पाहिलेले कपडे सकाळपर्यंत पिवळे पडायचे. मी नीळ वाढवली. दीड चमचा झाला, दोन झाले, तीन झाले. संध्याकाळी शुभ्र, सकाळी पिवळे. गिऱ्हाइकं थांबणार नाहीत म्हणून गठ्ठे तसेच इस्त्रीला सोडावे लागायचे. मी पाण्यावर संशय घेतला, साबण बदलला, वाळवायच्या खोलीच्या भिंती हुंगून पाहिल्या. शेवटी माझ्या हुशार डोक्याने शोध लावला की साबण पुरता निघत नसणार आणि तो रात्रभरात कपड्यात पिवळा पडत असणार. म्हणजे तिसरं पाणी कुणीतरी चुकवत होतं. आणि पाणी काढणारा माणूस आमच्याकडे एकच.

"मला तर बाई पांढरीच दिसते," बायको म्हणाली.

"तुला बारीक छटा कळत नाहीत."

"एवढी वर्षं तुमचे शर्ट कोण धुतंय?"

मी खेकसलो. तशी मी हल्ली सगळ्यांवरच खेकसत होतो. अन्नावरची वासना उडाली होती. ताट समोर आलं की मळमळायचं. जिना चढलो की पायांत गोळे यायचे. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मला पिवळी वलयं दिसायची. घरच्या दिव्यांभोवतीही दिसायला लागली, तेव्हा मी बायकोला बल्ब पुसायला लावले. तिने पुसले. तरी वलयं तशीच, म्हणून पुन्हा पुसायला लावले. तिसऱ्यांदा तिने फडकं माझ्याच हातात दिलं. हे सगळं धंद्याच्या काळजीने होतंय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बायकोला मात्र कावीळ वाटली. तिने मला उन्हात उभं करून माझ्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली. मग रक्त तपासून आणलं. कावीळ नव्हती. हा कागद मी मोठ्या दिमाखात बंबोबाच्या नाकासमोर नाचवला. माझ्यात दोष नाही असं प्रयोगशाळेने लिहून दिल्यावर दोष कपड्यांतच असणार की नाही?

"बरं," तो म्हणाला. तो त्या दिवसांत फार थकलेला दिसायचा. मला वाटायचं, आळशी माणूस नेहमीच थकलेला दिसतो.

मग एका दुपारी बँडमास्तर आपले गणवेश न्यायला आले. त्यांनी गठ्ठा पाहिला, छान झालेत म्हणाले आणि तेवढ्यावरच थांबले असते तर बरं झालं असतं. पण जाता जाता त्यांनी "काय, धंदा कसा चाललाय?" असं विचारलं.

"चाललाय," मी म्हणालो, "आमच्या मेहुण्यांना हल्ली तिसऱ्या पाण्याचा कंटाळा येतो, एवढंच. कामचोर माणसाला कोण काय बोलणार?"

बंबोबा दारातच उभा होता, हातात ओली चादर घेऊन. इस्त्रीवरच्या दोघींचे हात थांबले. बायकोने मान खाली घातली. बंबोबा वळला आणि आत गेला. बँडमास्तरांना एकदम कुठेतरी जायचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी कित्येक आठवड्यांनी डबा उघडला, काळा कागद सोडला, तर नमुन्याचा रुमालही पिवळा. इथे कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. चादर पिवळी, रुमाल पिवळा, खिडकीबाहेरची चुन्याची भिंत पिवळी, बायकोचे दातही पिवळे. हे शेवटचं मी तिला बोलूनही दाखवलं होतं आणि त्यापायी दोन दिवस तिचा अबोला सोसला होता. पण मी काय निष्कर्ष काढावा? डब्यात दमट हवा शिरली. रुमाल खराब झाला. त्याला पुन्हा पांढरा करायला हवा.

मी स्वतःच्या हाताने तो रुमाल निळीच्या पाण्यात घातला. छान वर-खाली करून, पिळून, खिडकीत धरला. सुरेख दिसत होता.

तेवढ्यात बंबोबा मागून आला. त्याने माझ्या हातातला रुमाल पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"भाऊजी, हा बाबांचा..."

"पिवळा पडला होता."

"तुम्ही मला कामचोर म्हणालात, ते मी ऐकून घेतलं." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पण हे काय करून बसलात?"

त्याने रुमाल माझ्या हातातून घेतला, रबरी एप्रन काढून खुंटीला अडकवलं, "ताई, येतो," असं काउंटरवर सांगितलं आणि निघून गेला. पुलापलीकडे एक मोठी यंत्रांची लाँड्री आहे. तिथले लोक चार वर्षं त्याला बोलावत होते आणि चार वर्षं तो नाही म्हणत होता. बायको म्हणाली, "आता तो तिकडे गेला तर परत यायचा नाही. तुम्हाला माहितीये तो कसा आहे ते." मला माहीत होतं. पण माझी मान ताठ होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय सांगू! वाळलेली चादर हातात घेतली, तर पांढरी. शुभ्र. स्वच्छ. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"बघितलंस?" मी बायकोला ओरडून सांगितलं. "तो गेला आणि कपडे सुधारले! आणखी काय पुरावा हवा?"

बायकोने चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भावासाठी रडतेय. मी तिला समजावायलाही गेलो. तिने माझा हात झटकून टाकला.

गठ्ठे माझ्या हुकमाने इस्त्री होऊन पोचते झाले. बंबोबाशिवाय टाकी बंद होती, धुणं आम्ही थंड पाण्यावर भागवत होतो. त्यानंतर दोन दिवसांनी गेस्ट हाउसमधून फोन आला की आम्ही निळ्या चादरी मागवल्या नव्हत्या. मी त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं. हॉटेलवाल्याचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलं. गावातल्या सगळ्यांचीच नजर एकाच आठवड्यात बिघडावी याचं मला नवल वाटलं.

मग आली केमिस्टबाई. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभी असते ती. तिशीची, बोलायला फटकळ, पण गोड. तिने आपला कोट माझ्या टेबलावर आपटला.

"काका, हा कुठला रंग आहे?"

"पांढरा. उत्तम पांढरा."

तिने पिशवीतून दुसरा कोट काढून शेजारी ठेवला. "आणि हा?"

"हा पिवळा. कुठून धुऊन आणलास? त्याला म्हणावं..."

"हा नवा आहे. आत्ता पाकिटातून काढलाय."

मी दोन्ही कोट पुन्हा पाहिले. मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"काका, दिव्यांभोवती काही दिसतं का? गोल गोल?"

मी चमकलो. हे मी फक्त बायकोला सांगितलं होतं.

"भूक लागते?"

"नाही."

"मळमळतं?"

मी मान डोलावली. तिने माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटं दाबून उभी राहिली आणि तिचे ओठ घट्ट मिटले.

"तुमची ती हृदयाची गोळी. दिवसाला किती घेता?"

"एक. रोज दहा वाजता, इथे. खणात आहे."

"एकच हो," बायको काउंटरवरून म्हणाली, "मी स्वतः रोज सकाळी बशीत ठेवते."

इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसत राहिली.

"बशीत?" मी म्हणालो.

"खणात?" बायको म्हणाली.

केमिस्टबाईने कपाळावर हात मारला. "तरीच! काकू येऊन पाकीट नेतात, तुम्ही येऊन पाकीट नेता. मला वाटलं, एक घरी असतं, एक दुकानात. मी विचारायला हवं होतं, माझंच चुकलं." मग तिने भराभर सांगितलं. ही गोळी अंगात जास्त झाली की डोळ्यांवर उतरते, सगळं पिवळं दिसतं, दिव्यांना वलयं येतात. पण तेवढंच नाही, हृदयाचे ठोकेही मंदावतात आणि ते कधी दगा देतील सांगता येत नाही. "उठा. चप्पल घाला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

पिवळ्याचा मी निळीने बंदोबस्त करत होतो. माझ्या पिवळ्या डोळ्यांना भरपूर निळा कपडा पांढरा दिसत होता. रिक्षात बसल्यावर मला हे कळलं आणि मी इतका वरमलो की धोक्याच्या ठोक्यांची भीती वाटायलाही विसरलो.

दवाखान्यात मला यंत्राला जोडलं. ठोके मिनिटाला बेचाळीस. डॉक्टरांनी गोळी बंद केली, रक्त तपासलं, आणि म्हणाले, "नशीबवान आहात. तुमच्या डोळ्यांनी आधी बोंब मारली. पुष्कळांना कुठलीही सूचना मिळत नाही. नजर आपोआप पूर्वीसारखी होईल, आठवडा जाईल कदाचित. नवीन औषध कुठलंही असो, डोळ्यांत काही बदल वाटला की पहिल्यांदा आम्हाला सांगायचं. नीळ घालायची नाही." ही शेवटची माहिती त्यांना बायकोने पुरवली होती.

बायको खुर्ची ओढून उशाशी बसली. आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. "मी तुम्हाला विष घालत होते हो!"

"अर्धं तू, अर्धं मी," मी म्हणालो. "संसार दोघांचा असतो."

तिने मला चापट मारली. यंत्राने एक ठोका जादा दाखवला.

"बंबोबाला कळवलंस?" मी विचारलं.

"तो खाली बसलाय. वर यायला तयार नाही. येत्या सोमवारी पुलापलीकडे रुजू होतोय, शब्द दिलाय म्हणे." ती पदराशी चाळा करत राहिली. "तुम्हाला एक सांगू? तुम्ही सहाला घरी जायचात ना, तो साडेआठपर्यंत थांबायचा. तुम्ही निळीत बुडवलेले सगळे कपडे तो पुन्हा साध्या पाण्यातून काढायचा. निळा रंग जाईपर्यंत. रोज. दोन महिने."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"मी म्हटलं, अरे सांग त्यांना. तर म्हणाला, नको ताई. भाऊजींची नजर वयाने गेली असणार. एवढी वर्षं त्या नजरेवर त्यांची इज्जत आहे. गिऱ्हाइकाला कळायला नको आणि त्यांना तर मुळीच नको. मलाही तेच वाटलं, म्हणून मीही गप्प बसले."

मी छताकडे बघत पडून राहिलो. कपडे रातोरात पिवळे पडत नव्हते. बंबोबा ते रोज पांढरे करत होता आणि त्याने पांढरे केलेले कपडे रोज सकाळी खिडकीत धरून मी त्यालाच चोर ठरवत होतो. तिसरं पाणी चुकवणारा म्हणून ज्याची चारचौघांत अब्रू काढली, तो माणूस रोज पाण्यात उभा राहून माझी अब्रू झाकत होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि बायकोने, शहाणी आहे ती, खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा अंगावरची दवाखान्याची चादर मला राखाडी दिसली. पिवळी नाही, राखाडी! कडेला गंजाचा डाग, मधे जुन्या औषधाचा फिकट ठिपका. मी उठून बसलो. "सिस्टर! ही चादर किती घाण धुतलीये हो!" असं मी जवळजवळ आनंदाने ओरडलो. शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून उठला. दिव्यांची वलयं आणखी काही दिवस रेंगाळली, पण मला माझं पांढरं परत मिळत होतं. त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो आणि तिसऱ्यांदा मागितलं.

रविवारी घरी सोडलं. बायको म्हणाली, आज आराम करा. मी चप्पल घालून थेट बंबोबाच्या घरी गेलो. तो मागच्या मोरीत बादलीत स्वतःचा शर्ट खळबळत बसला होता. पुलापलीकडे पहिल्या दिवशी घालायचा असणार.

"डोळे बरे झाले?" त्याने मान वर न करता विचारलं.

"झाले."

"मग बरं."

मी मोरीच्या कट्ट्यावर बसलो. मला माफी मागता येत नाही. कधी सवयच लागली नाही, कारण माझं कधी चुकतं असं मला वाटतच नाही. पण त्या दिवशी शब्द आपोआप आले. "बंबोबा, मी तुला चारचौघांत कामचोर म्हणालो. तू माझ्यासाठी रोज सहा-सहा पाणी काढत होतास. माझं चुकलं. फार चुकलं."

"सात," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटच्या आठवड्यात सात. तुम्ही चार चमचे घालायला लागला होतात."

मला हसावं की रडावं कळेना. त्याने शर्ट पिळला, खिशातून रुमाल काढून मान पुसली. सासऱ्यांचाच रुमाल, फिकट निळा.

"हा नाही निघाला," तो म्हणाला. "नऊ वेळा धुतला. मग वापरायला काढला. बाबा यालाच नाक पुसायचे भाऊजी, आपणच त्याचा देव केला."

"उद्या तिकडे जाणार का?"

"शब्द दिलाय."

शब्द म्हणजे शब्द, हे त्याच्या बाबतीत मला चांगलं माहीत आहे. मी म्हणालो, "इकडे तुझं एप्रन खुंटीलाच आहे," आणि उठलो. घरी येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं. कुणी येत नव्हतं.

सोमवारी मी साडेआठलाच लाँड्री उघडली. बायको काउंटरवर बसली, इस्त्रीवरच्या दोघी आल्या. खुंटीला एप्रन तसंच. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मी स्वतःच टाकी पेटवायला गेलो आणि धुराने खोकत बाहेर आलो. इतक्या वर्षांत ती कशी पेटवतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पावणेदहाला दारात सावली पडली.

"पुलापलीकडे जाऊन आलो," बंबोबा म्हणाला. अंगात तोच धुतलेला शर्ट. "सांगितलं त्यांना, शब्द मागे घेतो म्हणून. वाईट दिसलं. ते काही चांगलं बोलले नाहीत." त्याने खुंटीवरचं एप्रन काढून कमरेला बांधलं. "टाकी कुणी पेटवली? सगळा धूर झालाय."

बायको एकदम काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकली. माझी छाती भरून आली आणि त्यात औषधाचा काही संबंध नव्हता.

दहा वाजता तो वाळवायच्या खोलीतून एक चादर घेऊन खिडकीत आला. आता शेजारी धरायला नमुना नव्हता. "बघा," तो म्हणाला.

मी पाहिली. चादर पांढरी होती. पक्की पांढरी, दोन्ही कडांपर्यंत. जिभेवर शब्द तयार होता. पण मी थांबलो. या टेबलाशी उभं राहून मी आजवर हजारो वेळा निवाडा दिला होता आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

"तू सांग," मी म्हणालो.

"मी?"

"तूच. कशी आहे?"

त्याने चादर हातात घेतली. उजेडाकडे वळवली, उलटी केली, अंगठ्याने कड चाचपली. बराच वेळ लावला. बायको आणि इस्त्रीवरच्या दोघी टक लावून बघत होत्या. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"जरा पिवळट वाटते," बंबोबा म्हणाला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. चादर घेतली, मागे नेली, बाह्या सारल्या आणि ती पांढरीशुभ्र चादर पाण्यात घातली. बंबोबा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि ती कशी खळबळायची ते मला दाखवू लागला.